मानाचा कान

माझ्या सासरी कानाला मान होता. माणसाला नव्हे, कानाला. हे वाक्य लिहितानासुद्धा मला राग येतो, आणि राग आला की माझं अक्षर बिघडतं, म्हणून सावकाश लिहिते आहे.

सासर चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यातल्या एका लहान गावात. त्या घराण्यात दर पिढीत एखाददुसरं मूल असं जन्माला यायचं की कान जिथे गालाला चिकटतो तिथे, कानाच्या अगदी पुढे, टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक भोक असायचं. कधी भोकाच्या जोडीला मसुराएवढा मांसाचा गोंडा, कधी कानाची वरची कडच मुडपलेली. बाकी मूल छान, नाकीडोळी नीटस. गावात म्हणायचे, देवाने बोट लावून पाठवलंय. अशा मुलाला मानकरी म्हणायचं. चैत्रात गावच्या देवाची जत्रा भरली की पालखीचा पुढचा दांडा आधी मानकऱ्याने खांद्यावर घ्यायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. त्याच्या त्या कानाला गुलाल लावायचा. बैलगाडे सुटायच्या आधी मिशा पिळलेले गाडामालक त्याच्या पाया पडायला यायचे, मग तो मानकरी चड्डीतला का असेना.

माझा नवरा मानकरी होता. तोंडावर मी त्याला कायम अहोजाहो केलं, इथे लिहिताना अरेतुरे करणार आहे. तेवढी सूट मला हवी.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट चिंचवडला आले. स्टेशनच्या मागे चाळीत दोन खोल्या, त्यांतली एक सासूबाईंची. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. नवरा भोसरीच्या बाजूला एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायला होता. ओतून काढलेले लोखंडाचे भाग त्याच्यापुढे येत, तो एकेक उलटासुलटा करून बघे, लहान हातोडीने ठोकून आवाज ऐके. वरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी खडूने फुली मारून तो भाग बाजूला. बाहेर एक भोक दिसलं तर आत मोठी पोकळी असू शकते, हे त्याने मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं, कारण नव्या बायकोशी बोलायला त्याच्याकडे दुसरा विषय नव्हता. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू यायचं. फाउंड्रीचा आवाज, दुसरं काय, असं सगळेच म्हणत. भांडण सुरू झालं की तो तोच कान माझ्याकडे करून बसायचा.

आणीबाणी उठली त्या वर्षी मला मुलगा झाला, माहेरी. उजव्या कानाची कड मुडपलेली, पुढे भोक आणि भोकाशेजारी गोंडा. मला रडू आलं. पहिलं मूल, त्यात हे. बारशाला आत्याबाई आल्या, त्यांनी बाळाचं टोपडं मागे सारलं, कान पाहिला आणि जागच्या जागी बसून रडू लागल्या. पण माझं रडणं वेगळं होतं नि त्यांचं वेगळं.

"घरात मान आला," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत आला."

सोनार कान टोचायला आला तर त्यांनी डावाच टोचू दिला. देवाने टोचलेल्या कानाला माणसाने सुई लावायची नाही. मग दृष्ट लागू नये म्हणून तो कान झाकायचा हुकूम निघाला. चिंचवडच्या वैशाखात माझं पोर लोकरी कानटोपी घालून घामाघूम होऊन फिरायचं, आणि तरीही येणारा-जाणारा प्रत्येक जण टोपी वर करून कान बघून जायचा. त्या कानाकडे जितक्या माणसांनी निरखून पाहिलं तितक्यांनी गावच्या देवाकडेही पाहिलं नसेल. नुसतं पाहिलं.

पाचव्या-सहाव्या महिन्यापासून त्याला ताप यायला लागला. साधा नव्हे, हुडहुडी भरून. दूध टाकून द्यायचा, ओकायचा, डोळे खोल जायचे, आणि तीन-चार दिवसांनी आपोआप उतरल्यासारखा ताप उतरायचा. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. कामगारांचा दवाखाना आमच्यापासून जवळ होता. तिथले डॉक्टर वयस्कर, चष्मा कपाळावर, रांग दाराबाहेर. मुलाकडे बघायच्या आतच त्यांचा हात लिहायला लागायचा.

"दात येतायत."

दात आले. ताप येतच राहिला. मग घसा झाला, मग हिवताप झाला, मग हवा बदलली. एकदा तर ते कानटोपी बघून म्हणाले, "अहो बाई, हे पोर उकडून तापलंय." ती एकच गोष्ट मला पटण्यासारखी होती, पण टोपी काढायची माझी घरात टाप नव्हती. मी सांगायचे, डॉक्टर, लघवीला वास येतो, लघवी करताना कळवळतो, लंगोट वाळला की पिवळा डाग राहतो. ते म्हणायचे, पाणी कमी पाजता तुम्ही. त्यांनी लंगोट एकदाही सोडून पाहिला नाही. शेवटी शेवटी ते कंपाउंडरला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराला काही नाही, आजार आईला आहे." कंपाउंडर हसला. मी लाल औषधाची बाटली घेऊन घरी आले आणि ती मोरीत ओतावी असं मला मनापासून वाटलं. ओतली नाही. चमच्याने पाजली.

मुलगा सव्वा वर्षाचा होऊनही उभा राहत नव्हता. शेजारणीचं त्याच्याहून लहान पोर दाराच्या उंबऱ्यावरून धावायचं आणि माझं भिंतीला टेकून बसायचं. आत्याबाई म्हणायच्या, मानकरी पोरं अशीच नाजूक असत्यात. हे वाक्य त्या इतक्या समाधानाने म्हणायच्या की मला भांडं आपटल्याशिवाय राहवायचं नाही.

मग नगरपालिकेच्या शाळेत लस टोचायला माणसं आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलामागे एक डॉक्टरीणबाई, वयाने माझ्याएवढीच, पदर खोचलेला. रांग पुढे सरकली, मी मुलाला मांडीवर धरलं, त्याचा दंड मोकळा केला. तिने सहज त्याची टोपी काढली. काढली आणि थांबली. मला तोवर या थांबण्याची सवय झाली होती. मी पाठ केल्यासारखं म्हणाले, "देवाने बोट लावलंय. आमच्या घरात मान असतो त्याला."

ती हसली नाही, आणि हात लावून नमस्कारही केला नाही. तिने कानाची कड उलगडून पाहिली, दुसरा कान पाहिला. मग म्हणाली, "ताप येतो का याला मधूनमधून?"

मी मान हलवली.

"लघवी करताना रडतो?"

इतके महिने मी ज्याच्या-त्याच्या मागे लागून हे सांगत होते, आणि ही बाई टोपी काढून मलाच विचारत होती. वास, डाग, कळवळणं, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. ती शांतपणे बोलली. पोटात बाळ घडत असतं तेव्हा कान आणि मूत्रपिंडं साधारण एकाच सुमारास घडतात, म्हणाली. तिथे काही बिघडलं तर कधीकधी दोन्हीकडे उणं राहतं. कान बाहेर असतो म्हणून दिसतो, आतलं दिसत नाही. "असा कान असलेल्या बहुतेक मुलांना आत काहीच नसतं, उगाच घाबरू नका. पण याला ताप येतायत आणि वाढ कमी आहे. याची लघवी तपासायलाच हवी, आणि मग पोटाचा फोटो." एवढं बोलून तिने विचारलं, "घरात आणखी कुणाचे कान असे आहेत?"

मी अभिमानानेच सांगायला लागले असेन, सवयीने. याच्या वडिलांचा आहे. सासऱ्यांचा होता. चुलत सासऱ्यांचा होता. सासऱ्यांची एक धाकटी बहीण होती.

"होता, होती म्हणजे?"

आणि तिथे, शाळेच्या व्हरांड्यात, मागच्या बायका पुढे सरका म्हणून माझ्या पाठीला कोपरं लावत असताना, मी प्रथमच ती माणसं एकाशेजारी एक मांडून पाहिली. सासरे गेले ते तोंड नि पाय सुजून. नवरा तेव्हा शाळेत होता. चुलत सासरे गेले ते ओकाऱ्या होऊन, धाप लागून, सुजूनच. ती बहीण परकर नेसायच्या वयात गेली. या सगळ्या हकिगती मी लग्नानंतर कितीदा ऐकल्या होत्या, तांदूळ निवडताना, पापड लाटताना. प्रत्येकीच्या शेवटी एकच वाक्य असायचं, देवाला आवडला. म्हातारा झालेला मानकरी त्या गावात कुणी पाहिलेला नव्हता. आणि हे कुणाला कधी खटकलंही नव्हतं, कारण देवाचं बोट लागलेलं माणूस देव लवकर परत नेणारच, असा त्यांचा हिशेब पक्का होता.

माझा नवरा तेव्हा तिशी ओलांडलेला होता.

घरी येऊन मी बोलले. फार बोलले. नवरा पहिल्या पाळीवरून आला होता, चहा घेत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं की नाही, देव जाणे.

"कानाचा नि लघवीचा काय संबंध?" तो म्हणाला.

"तुमच्या कास्टिंगवर एवढंसं भोक दिसलं तर तुम्ही काय करता?"

"बाजूला काढतो."

"का?"

"आत पोकळी असायची शक्यता असते म्हणून."

"मग?"

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता कळलं. तो म्हणाला, "माणूस म्हणजे कास्टिंग नाही." आणि उजवा कान माझ्याकडे करून वर्तमानपत्र उघडलं. लोखंडाच्या तुकड्याला जेवढी शंका घ्यावी तेवढीही हा माणूस पोटच्या पोराच्या बाबतीत घ्यायला तयार नव्हता. मी वर्तमानपत्र ओढून घेतलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

लघवी तपासायला न्यायची तर सव्वा वर्षाच्या पोराची ती धरायची कशी, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. सकाळपासून उकळलेली बाटली हातात घेऊन मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. पाणी पाजलं, शूऽऽ केलं, पायावर गार पाणी शिंपडलं. तो माझ्याकडे टकामका बघायचा, आणि मी बाटली खाली ठेवली की करायचा. शेवटी एकदाची मिळाली. बूच लावून बाटली खिडकीत ठेवली आणि मी साडी बदलायला आत गेले. बाहेर आले तर आत्याबाई बाटली विसळत होत्या.

"आत्याबाई, काय केलंत हे?"

"वतून दिली मोरीत," त्या म्हणाल्या. "मानकऱ्याची लघवी बाटलीत भरून परक्याच्या हाती देती? कुनी काय करनी केली मंजी?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. भिंतीपलीकडच्या शेजारणीला मात्र ते पुढे कित्येक वर्षं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन तिच्याच घरी जाऊन बसले, तिथे बाटली भरली आणि परस्पर पिंपरीला नेऊन दिली. लघवीत पू निघाला. भरपूर.

तो कागद घेऊन मी कामगारांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. वाचून म्हणाले, "तपासायला कुणी सांगितलं?" मी सांगितलं. "कान बघून? हात बघणारे माहीत होते, हे नवीनच." पण औषध मात्र बदलून दिलं, आणि पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठीही लिहून दिली. "तुमच्या समाधानासाठी देतोय," म्हणाले. मला समाधान नको होतं. मला माझं पोर उभं राहिलेलं बघायचं होतं. चिठ्ठी घेतली आणि थँक्यू म्हणाले, कारण पुन्हा त्याच दारात जायचं होतं.

पुण्याला बसने जायचं, बाकावर बसायचं, नंबर यायचा, उद्या या. शिरेतून औषध टोचायचं आणि ते लघवीवाटे उतरताना पोटाचे फोटो काढायचे, अशी ती तपासणी. आदल्या दिवशी एरंडेल पाजायचं, सकाळी दूध द्यायचं नाही. पहिल्यांदा गेलो तर उपाशी पोर रडून रडून निळं झालं आणि मग कळलं की मशीन बंद आहे. नवरा बरोबर होता. त्या दिवशी त्याने रजा घेतली होती, ती फुकट गेली म्हणून परतीच्या बसमध्ये तो माझ्याशी बोलला नाही. मशीन जणू मी बंद पाडलं होतं.

पुढची तारीख मिळाली ती नेमकी जत्रेच्या दिवसाची.

"बदलून घे," नवरा म्हणाला.

"पालखीची बदला."

असं काही माझ्या तोंडून पूर्वी गेलं नव्हतं. आत्याबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या वर्षी दोन्ही मानकऱ्यांनी, बापाने आणि लेकाने, पालखीला एकदम हात लावायचा असं गावात ठरलं होतं. थोरल्या दिरांनी दोन फेटे आणून ठेवले होते, एक तळहाताएवढा. मी म्हणाले, फेटा कुणाला बांधायचा ते बांधा, माझं पोर त्या दिवशी पुण्याला जाणार. मग मला गप्प बसवेना. मी सासऱ्यांचं काढलं, चुलत सासऱ्यांचं काढलं, त्या मुलीचं काढलं. म्हणाले, हा मान नाही, आजार आहे. पिढ्यान् पिढ्या तुम्ही आजाराला गुलाल लावताय.

नवरा ताडकन उठून बाहेर गेला. आत्याबाई बसून राहिल्या. रागावतील, शिव्या देतील, याची मी तयारी केली होती.

"मंग माझा धनी उगाच मेला म्हन की," त्या म्हणाल्या. "देवानं न्हेला न्हाई. उगाच मेला."

त्यांच्या नवऱ्याच्या वेळी खेड्यात कुणी काय केलं असतं, कुठे नेलं असतं, मला तरी काय माहीत होतं? त्या माणसाच्या मागे त्यांनी दोन मुलं वाढवली, ती देवाने नेलं या एका गोष्टीला धरून. आणि मी तीच काढून घेत होते. त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून अधिकच चिडचिड झाली, कारण चिडायला मला समोर कुणीतरी धट्टंकट्टं हवं होतं. ही म्हातारी बाई तर हातातली वात चुरगाळत बसली होती. मी तिच्याजवळ गेले नाही. आत जाऊन मुलाचे लंगोट पिशवीत भरले.

जत्रेच्या दिवशी आत्याबाई आणि नवरा अशी ती दोघं पहाटेच्या एस.टी.ने चाकणमार्गे गावी गेली, मी आणि मुलगा पुण्याच्या बसने. मशीन चालू होतं. एका माणसाने मुलाचे हात धरले, मी पाय धरले. फोटो काढून झाल्यावर बाकावर बसवून ठेवलं. मग एका डॉक्टरांनी बोलावलं आणि काळी फिल्म उजेडासमोर धरली. डाव्या बाजूला पांढरं काहीतरी फुगल्यासारखं, वाकडंतिकडं. त्यांनी बोट उजव्या बाजूला नेलं. तिथे मणक्याशेजारी काही नव्हतं. मी वाट बघत राहिले, ते बोट आणखी कुठे सरकेल म्हणून.

"हे घडलंच नाहीये," ते म्हणाले. "एकच आहे, आणि त्यात लघवी उलटी चढते. म्हणून ताप. वेळेवर आणलंत." मग त्यांनी मुलाच्या कानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरं तर जन्मल्याबरोबरच कुणीतरी विचारायला हवं होतं."

कुणीतरी. बसमध्ये मी त्या कुणीतरीची सगळी तोंडं डोळ्यांपुढे आणली आणि एकेकाला मनातल्या मनात जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी नवरा गावाहून आला, कानाला गुलाल, खांद्यावर दांड्याचा वळ. मी सांगितलं, उजवीकडे नाहीच. आहे ते एक, तेही दुखावलेलं. त्याने दोनदा विचारलं, "नाहीच म्हणजे?" मी दोनदा सांगितलं. मग त्याने निजलेल्या पोराच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. चुकलं, असं तो म्हणाला नाही. मीही त्या दिवशी मागितलं नाही.

पुढे ऑपरेशन झालं. लघवी उलटी चढायची ती थांबली, ताप थांबले. ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात पोरगा चाळीच्या व्हरांड्यातून असा पळाला की त्याला धरायला मला पदर खोचावा लागला. आत्याबाई कानटोपीचं नाव काढेनाशा झाल्या. इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते.

ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टरांनी नवऱ्याला म्हटलं होतं, तुम्हीही एकदा तपासून घ्या. तो हो म्हणाला. त्या हो-ला धरून मी तीन वर्षं त्याच्या मागे लागले होते. आज ओव्हरटाइम आहे. आज इन्स्पेक्शनला पार्टी येणार आहे. युनियनची मीटिंग आहे. "मला काय झालंय?" सकाळी उठला की डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या असायच्या, रात्रपाळी, म्हणायचा. संध्याकाळी बूट निघता निघत नसत, मोजे काढले की घोट्यावर खोल वळ. दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजणारच, म्हणायचा. मी बोट दाबून दाखवायचे, बघा, खड्डा राहतोय. तो पाय ओढून घ्यायचा. मी ओरडले, रडले, जेवण टाकलं, थोरल्या दिरांना मध्ये घातलं. दीर म्हणाले, "सूनबाई, मानकऱ्याला आसं टोचून बोलू न्हाई." मी आईकडे निघून जाण्याची धमकी दिली आणि पिशवी भरून चिंचवड स्टेशनपर्यंत गेलेही. तिथे बाकावर बसून विचार केला की मी गेले तर याला बोलणारंही कुणी उरणार नाही, आणि परत आले. एका माणसाला बाटलीत लघवी करायला लावण्यात माझी उमेदीची वर्षं जात होती.

एका खेपेला मुलाला दाखवायला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण या एका मूत्रपिंडावर जुन्या दुखण्याचे वण आहेत. कदाचित जन्मभर साथ देईल, कदाचित पुढे कधी थकेल. तशी वेळ आलीच तर घरातल्या कुणाचं एक देता येतं, मोठ्या दवाखान्यांतून आता ते करतात. घाबरायचं नाही, फक्त माहीत असू द्या.

ते मी रात्री जेवताना सांगितलं, सहज, भाकरी मोडता मोडता. नवरा जेवून उठला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाला, "चल पुण्याला. मला तपासून घ्यायचंय."

मला वाटलं, ऐकलं एकदाचं. तीन वर्षांनी का होईना. बसमध्ये मी चक्क खुशीत होते.

तपासण्या झाल्या. रक्त घेतलं, लघवी घेतली, फोटो काढले, पुन्हा बोलावलं. निकाल ऐकायला आम्ही दोघं टेबलासमोर बसलो. डॉक्टर कागद चाळत होते. ते काही बोलायच्या आत नवराच म्हणाला, आणि तेव्हा मला कळलं की तो इतक्या तयारीने कशाला आला होता.

"डॉक्टर, माझी दोन आहेत. पोराला लागेल तेव्हा एक काढून घ्या. आत्ताच लिहून ठेवा. मी सही करतो."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. ते सावकाश बोलले, त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला वाकून. दोन आहेत, पण दोन्ही लहान, अर्धवट घडलेली, आणि आता फार थोडं काम करतायत. यांतलं कुणाला देण्यासारखं काही नाही. "तुम्हाला स्वतःलाच ती पुरत नाहीयेत. तुम्ही फार आधी यायला हवं होतं."

नवरा हातातल्या रुमालाची घडी घालत राहिला. घातली, मोडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळला. सुजलेल्या पापण्यांखालून त्याने मला नीट पाहिलं आणि म्हणाला, "तू सांगत होतीस."

हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी किती भांडले होते. ते ऐकू आल्यावर काय काय बोलायचं, हेही मी मनात घोळवून ठेवलं होतं, स्वयंपाक करताना, धुणं धुताना, स्टेशनच्या बाकावर.

"मी कुठे काय सांगत होते," मी म्हणाले.